‘ई’ म्हणजे मशीन बिघडले, की माणूस?

वॉशिंग मशीनच्या पडद्यावर एखादे अक्षर आणि त्यापुढे एखादा आकडा लुकलुकू लागला की घरोघरी जवळपास तेच घडते. कुणी नळाची तोटी तपासते, कुणी दार पुन्हा दाबून लावते, कुणी बटण बंद करून पाच मिनिटांनी चालू करते आणि शेवटी मेकॅनिकला फोन जातो. पाणी आत येत नाही, पाणी बाहेर जात नाही, दार नीट लागलेले नाही, कपडे एका बाजूला गोळा झाले आहेत, असे मोजकेच निरोप त्या अक्षरांमागे असतात. मेकॅनिक दोन दिवसांनी आला तरी फारसे बिघडत नाही. कपडे तेवढे साठतात.

गेल्या काही वर्षांत अशाच पडद्याची आणखी चार-पाच यंत्रे आपल्या कपाटात येऊन बसली आहेत. शुगर मोजणारा ग्लुकोमीटर, बीपीचे मशीन, डिजिटल थर्मामीटर आणि करोनाच्या लाटेत घरोघरी पोहोचलेला पल्स ऑक्सिमीटर. तीही अधूनमधून आकड्याऐवजी अक्षरे दाखवतात. सवयीने आपण त्यांच्याशीही वॉशिंग मशीनसारखेच वागतो. सेल बदलतो, मशीन आपटून पाहतो, ‘बिघडले’ म्हणून कपाटात ठेवून देतो. इथे मात्र एक फरक आहे. वॉशिंग मशीन स्वतःबद्दल बोलत असते. बीपीचे मशीन कधी स्वतःबद्दल बोलते, तर कधी त्याच्यासमोर बसलेल्या माणसाबद्दल. हा फरक ओळखता आला नाही, तर उपचाराचे मोलाचे तास हातचे जातात. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात असे रुग्ण आम्हाला नेहमी दिसतात.

तीन प्रकारचे निरोप

कोणत्या कंपनीचा कोणता कोड कशासाठी, हे पाठ करण्यात अर्थ नाही. एका मशीनवर ‘ई-१’ म्हणजे पट्टा सैल, तर दुसऱ्यावर नळीतून हवा गळते आहे, असा अर्थ असू शकतो. यादी माहितीपत्रकात असते. पण कोणत्याही कंपनीचे यंत्र असले तरी त्याचे निरोप तीनच प्रकारचे असतात.

पहिला निरोप : ‘मला मोजता आले नाही.’ इथे बहुधा ‘ई’, ‘एरर’ किंवा नुसत्या आडव्या रेघा दिसतात.

दुसरा निरोप : ‘मी मोजले, पण उत्तर माझ्या पट्टीच्या बाहेरचे आहे.’ ग्लुकोमीटर आणि थर्मामीटरवर दिसणारे ‘हाय’ आणि ‘लो’ या प्रकारातले. इथे यंत्र ठणठणीत असते. आकडा इतका जास्त किंवा इतका कमी असतो की तो दाखवण्याची सोयच त्यात नसते.

तिसरा निरोप : ‘मी मोजले, आकडाही दिला, पण मोजताना एक वेगळी गोष्ट दिसली.’ बीपीच्या मशीनवर आकड्याशेजारी येणारे हृदयाचे चित्र हे याचे उदाहरण.

यातला पहिला निरोप बहुतेक वेळा यंत्राचा किंवा मोजण्याच्या पद्धतीचा असतो, पण दर वेळी नाही. दुसरा आणि तिसरा निरोप, खात्री होईपर्यंत, माणसाचाच समजावा.

ग्लुकोमीटर : ‘हाय’ म्हणजे नमस्कार नव्हे

साठीच्या एक बाई आमच्याकडे अर्धवट शुद्धीत आल्या. मुलगा म्हणाला, ‘‘डॉक्टर, दोन दिवस मशीन आकडाच दाखवत नाही. चालू केलं की नुसतं हाय म्हणतंय.’’ त्याने सेल बदलले होते, स्ट्रिपची नवी डबीही आणली होती. आईला सारखी तहान लागत होती, लघवीला जावे लागत होते, अशक्तपणा वाढत होता, म्हणून घरच्यांनी ताकद यावी या हेतूने तिला सरबत दिले होते. प्रयोगशाळेत शुगर सातशेच्या पुढे निघाली. बाई वाचल्या, पण मशीन दोन दिवस खरे तेच सांगत होते.

बहुतेक ग्लुकोमीटर ६०० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर ‘हाय’ दाखवतात. काहींची वरची मर्यादा ५०० असते. ‘लो’ बहुधा २० च्या खाली गेल्यावर येते. म्हणजे हे दोन्ही शब्द साध्या जास्त-कमीचे नाहीत, दोन्ही टोके जीवघेणी आहेत.

आणखी एक बारकावा. काही ग्लुकोमीटरच्या माहितीपत्रकात एखाद्या एरर कोडसमोर दोन कारणे एकत्र दिलेली असतात : ‘स्ट्रिप खराब असावी किंवा रुग्णाची शुगर फार वाढलेली असावी.’ म्हणून ‘ई’ दिसले की फक्त स्ट्रिपला दोष देऊन थांबू नये. आपल्या मशीनच्या यादीत असा दुहेरी अर्थाचा कोड आहे का, हे आजच पाहून त्याखाली रेघ मारून ठेवा.

यंत्र फसते कुठे, हे कळण्यासाठी ते चालते कसे हे थोडक्यात पाहू. स्ट्रिपच्या टोकावर एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, पातळ थर असतो. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची प्रक्रिया होऊन अतिसूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो आणि मशीन तो मोजते. हा थर नाजूक असतो. पावसाळ्यात डबीचे झाकण उघडे राहिले, डबी स्वयंपाकघरात शेगडीजवळच्या फळीवर ठेवली किंवा ‘औषध आहे’ म्हणून फ्रिजमध्ये ठेवली, तर ओलाव्याने आणि उष्णतेने स्ट्रिप खराब होते. झाकणाच्या आत ओलावा शोषणारी पूड असते, ती यासाठीच. स्ट्रिपा काढून कागदाच्या पुडीत ठेवणे तर पूर्ण चूक.

बोटाला लागलेली साखरही मोजली जाते. आंबा, केळे, गूळ हाताळून हात न धुता बोट टोचले, तर शुगर भलतीच जास्त येते. स्पिरिटने पुसले तरी चिकटलेली साखर नीट निघेलच असे नाही. साबणाने हात धुऊन, कोरडे करून टोचणे हाच खरा उपाय. रक्ताचा थेंब अपुरा असेल तर मशीन एरर देते किंवा आकडा चुकतो. रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिन फार कमी असेल, तर ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा जास्त शुगर दाखवतो; त्यामुळे कमी झालेली शुगर झाकली जाऊ शकते. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे लक्षात घेता ही गोष्ट किरकोळ नाही.

‘लो’ आणि ‘हाय’ आल्यावर काय करावे?

‘लो’ आले आणि घाम, थरथर, धडधड, चिडचिड, बोलण्यात असंबद्धता यांपैकी काही दिसत असेल, तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन-चार छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून लगेच द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ७० च्या वर गेली नसेल तर तेवढेच पुन्हा द्या. त्यानंतर पोळी किंवा भात असे खाणे द्या. चॉकलेट आणि पेढा इथे कामाचे नाहीत, कारण त्यातली चरबी साखर रक्तात जायला उशीर लावते.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असतील, तर साधी साखर लवकर पचत नाही. साखरेचे ग्लुकोजमध्ये विघटन होण्याची क्रियाच या गोळ्या मंदावतात. अशा घरात ग्लुकोज पावडरचा डबा हवाच.

माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. पाणी, साखर, मध, काहीच नाही. ते श्वासनलिकेत जाते. एका कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड गोळी घेणाऱ्या वयस्क माणसाची शुगर साखर दिल्यावर वर येते आणि काही तासांनी पुन्हा खाली घसरते. मूत्रपिंड कमजोर असेल तर हा धोका अधिकच. म्हणून अशा माणसाला ‘आता बरे वाटतेय’ म्हटले तरी रुग्णालयात दाखवलेच पाहिजे.

काहीच त्रास नसताना ‘लो’ आले, तर हात धुऊन नव्या स्ट्रिपवर पुन्हा मोजा. मात्र बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात शुगर उतरल्याची जाणीवच बोथट होते. म्हणून दुसऱ्यांदाही ‘लो’ आले, तर ‘मला काही होत नाहीये’ यावर विसंबू नका.

‘हाय’ आले तर हात धुऊन, नवी स्ट्रिप घेऊन एकदाच पुन्हा मोजा. पुन्हा ‘हाय’ आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी यांपैकी काहीही असेल, तर थेट रुग्णालय. वाटेत पाणी द्यायला हरकत नाही. घरच्या घरी दोन गोळ्या जास्त देणे किंवा इन्सुलिनचा अंदाजाने डोस वाढवणे टाळा. ‘जेवला नाही म्हणून इन्सुलिन बंद केले’ असेही करू नका. आजारपणात किती घ्यायचे ते डॉक्टरांना विचारा.

परदेशातून आलेले मशीन

मुलगा किंवा मुलगी परदेशातून येताना आईवडिलांसाठी ग्लुकोमीटर आणते. अमेरिकेतला असेल तर आकडे आपल्यासारखेच असतात. पण ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथली मशीन मिलिमोल या एककात मोजतात. त्यावर ‘७.०’ दिसले की आजोबा घाबरून साखर खातात. मिलिमोलच्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. ७ म्हणजे १२६. असे मशीन घरात असेल तर त्याच्या डबीवर ‘गुणिले १८’ असे ठळक लिहून ठेवा. उलट्या बाजूची चूक अधिक घातक आहे : त्यावर ‘२५’ दिसले तर शुगर २५ नसते, ४५० असते, आणि अशा वेळी साखर भरवली तर आगीत तेल ओतल्यासारखे होते.

बीपीचे मशीन : नाडी का सापडत नाही?

१९०५ साली निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने दंडाला पट्टा बांधून स्टेथोस्कोपने आवाज ऐकत रक्तदाब मोजण्याची पद्धत सांगितली. डॉक्टर दवाखान्यात शंभर वर्षे तेच करत आले. घरचे डिजिटल मशीन मात्र आवाज ऐकत नाही. पट्टा फुगवून सैल करताना धमनीतल्या प्रत्येक ठोक्याबरोबर पट्ट्यातल्या हवेचा दाब किंचित थरथरतो. ही थरथर मशीन टिपते आणि तिच्या चढउतारावरून वरचे-खालचे बीपी गणिताने काढते.

म्हणजे या मशीनला दोन गोष्टी लागतात : चांगली भरलेली नाडी आणि स्थिर हात. पट्टा सैल असेल, जाड बाहीवरून बांधला असेल, नळी मुडपली असेल, सेल उतरले असतील, मोजताना आपण बोललो किंवा हात हलवला, तर थरथर नीट टिपता येत नाही आणि ‘ई’ येते. दहापैकी बहुतेक वेळा कारण यांतलेच असते.

उरलेल्या वेळा मात्र मशीनला नाडी सापडत नाही, कारण नाडीच क्षीण झालेली असते. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून खाणारे एक आजोबा आमच्याकडे आले, तेव्हा चक्कर येऊन दोन दिवस झाले होते. घरच्या मशीनवर ‘ई’ येत होते. शेजाऱ्यांचे आणले, त्यावरही ‘ई’. ‘दोन्ही मशीन भंगार’ असा निष्कर्ष निघाला. प्रत्यक्षात गोळ्यांमुळे जठरात व्रण होऊन आतल्या आत रक्तस्राव चालू होता. शौचाला डांबरासारखे काळे होत होते, ते कुणी विचारलेच नव्हते. बीपी इतके खाली गेले होते की मशीनला टिपायला काही उरले नव्हते.

साधी कसोटी

अशा वेळी अर्ध्या मिनिटात करता येण्यासारखी एक तपासणी आहे. रुग्णावर ‘ई’ आले की पट्टा नीट बांधून, पाच मिनिटे शांत बसवून किंवा झोपवून पुन्हा मोजा. दुसऱ्या हातावरही पाहा. तरीही ‘ई’ आले तर तोच पट्टा घरातल्या धडधाकट माणसाच्या दंडाला बांधा. त्याचे बीपी व्यवस्थित आले, तर मशीन ठीक आहे आणि चिंता रुग्णाची करायची आहे. त्याच्यावरही ‘ई’ आले, तर दोष मशीनचा. ही कसोटी ऑक्सिमीटर आणि थर्मामीटरलाही लागू पडते. ग्लुकोमीटरला मात्र ती घाईघाईत लावू नका : एकाची सुई दुसऱ्याला कधीही टोचायची नाही. त्यातून कावीळ ब सारखे आजार पसरतात. मोजायचेच असेल तर नवी सुई, नवी स्ट्रिप.

रुग्ण पाहून ज्या गोष्टी कळतात, त्या पडद्यापेक्षा मोठ्या असतात. हातपाय गार आणि घामाने ओले, चेहरा पांढरा, बोलण्यात गोंधळ, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणे, धाप, काळी शौच, लघवी फार कमी होणे यांपैकी काही असेल आणि मशीन ‘ई’ दाखवत असेल, तर मशीनची दुरुस्ती नंतर, आधी १०८. धाप नसेल तर रुग्णाला आडवे झोपवा. धाप असेल तर त्याला बसूनच राहू द्या.

आकड्याशेजारचे हृदय

बऱ्याच मशीनवर आकड्याबरोबर वाकडेतिकडे किंवा लुकलुकणारे हृदय दिसते. ठोके अनियमित आहेत, असा त्याचा अर्थ. साध्या ठोक्याच्या वेळी लुकलुकणारे हृदयाचे चिन्ह वेगळे असते. दोन्हींतला फरक माहितीपत्रकात पाहून घ्यावा. मोजताना हात हलला तरी अनियमिततेचे चिन्ह येऊ शकते. म्हणून शांत बसून एक-दोन मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजा. पुन्हा पुन्हा आले तर ईसीजी काढून घ्या.

याला एवढे महत्त्व देण्याचे कारण म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन हा आजार. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त तिथे साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू होतो. या आजारात अर्धांगवायूचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो. वेळीच निदान झाले तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी हा धोका बराच कमी करता येतो. अनेकांना ना धडधड जाणवते ना धाप लागते. त्यांच्या बाबतीत ते छोटे चिन्ह हाच पहिला आणि कधीकधी एकमेव इशारा असतो. चिन्हावरून निदान होत नाही, पण ईसीजीची गरज मात्र कळते.

ऑक्सिमीटर : रेघा, उलटा आकडा आणि खोटा दिलासा

ऑक्सिमीटरचे तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधले. बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश जातो. ऑक्सिजन असलेले आणि नसलेले रक्त तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. त्यावरून टक्का निघतो. बोट गार असेल, नेलपॉलिश किंवा काळी मेंदी लावलेली असेल, बोट नीट आत गेले नसेल, हात थरथरत असेल, तर आडव्या रेघा येतात किंवा आकडा उड्या मारतो. हात चोळून गरम करा, नख पुसा, दुसरे बोट घाला आणि आकडा अर्धा मिनिट स्थिर राहिला की मगच वाचा. एवढे करूनही रेघाच येत असतील आणि धडधाकट माणसाचा आकडा मात्र नीट येत असेल, तर रुग्णाच्या हातापर्यंत रक्त पुरेसे पोहोचत नाही, असा संशय घ्यावा.

एक गफलत करोनाच्या काळात वारंवार पाहिली. पडद्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा. नाडी ७२ असते आणि घरचे ‘ऑक्सिजन ७२ वर आला’ म्हणून धावत येतात. याउलट ऑक्सिजन ८२ आणि नाडी ९८ असताना ९८ हा ऑक्सिजन समजून निर्धास्त राहणारेही भेटले. टक्क्याचे चिन्ह कुठे आहे, ते आधी पाहा.

९५ किंवा त्याहून जास्त असेल तर सर्वसाधारणपणे चिंता नाही. त्याखाली सतत राहत असेल तर डॉक्टरांना विचारा. ९० च्या खाली गेले तर तातडीने रुग्णालय. जुनाट दमा-खोकल्याच्या, म्हणजे सीओपीडीच्या रुग्णांसाठी हे आकडे वेगळे असतात, ते आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. सावळ्या-काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त टक्का दाखवू शकतो, हे अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आले. म्हणून ९४ आकडा आणि धाप लागलेला माणूस अशी जोडी असेल, तर आकड्यापेक्षा धापेवर विश्वास ठेवा.

सर्वांत फसवी गोष्ट ही की हे यंत्र कुठलाही कोड न दाखवता चुकू शकते. हिवाळ्यात बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू असतो, हवा खेळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनसारखाच दिसतो. त्यामुळे माणूस गुदमरत असताना पडद्यावर ९९ येते. न्हाणीघरात कुणी चक्कर येऊन पडले, डोके दुखते, उलटी होते, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला बोलवा आणि ‘गॅस गिझर चालू होता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. हे वाक्य सांगितले की आम्ही योग्य ती तपासणी लगेच करतो. गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवणे हा खरा उपाय.

थर्मामीटर आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर

डिजिटल थर्मामीटर चालू करताच ‘एल’ किंवा ‘लो’ दिसणे साहजिक आहे. टोक अजून गार आहे, एवढाच त्याचा अर्थ. काखेत नीट धरून बीप वाजेपर्यंत थांबल्यावरही ‘लो’ राहिले, तर पुन्हा मोजा. बहुतेक थर्मामीटर ३२ अंश सेल्सियसच्या खाली ‘लो’ दाखवतात. नवजात बाळाच्या बाबतीत असे आले आणि बाळ हाताला गार लागत असेल, तर ते गंभीर आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला आणि तसेच रुग्णालयात न्या.

‘हाय’ बहुधा ४२ अंशांच्या पुढे येते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात खोलीतच थर्मामीटर तापलेला असू शकतो. तो आधी गार पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा लावा. पण उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलत असेल, झटके येत असतील किंवा बेशुद्ध असेल, तर तो उष्माघात समजा. १०४ फॅरनहाइटच्या वरचा असा ताप पॅरासिटामॉलने उतरत नाही. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला, आणि हे करत असतानाच १०८ बोलवा.

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलेल्यांसाठी दोन वाक्ये. हे मशीन हवेतला २१ टक्के ऑक्सिजन गाळून ९० टक्क्यांच्या वर नेते. शुद्धता घसरली की पिवळा किंवा लाल दिवा लागतो. जाळी धुळीने भरलेली असणे आणि नळी मुडपणे ही नेहमीची कारणे, पण दिवा लागला असताना रुग्णाला त्याच मशीनवर ठेवून मेकॅनिकची वाट पाहू नये. वीज जाते त्या गावात तर भरलेला सिलिंडर बाजूला असलाच पाहिजे.

घरात आजच करण्यासारखे

प्रत्येक यंत्राचे माहितीपत्रक शोधा आणि एरर कोडच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवा. ऐन वेळी तो कागद सापडत नाही.

डबीवर तीन गोष्टी लिहा : सेल बदलल्याची तारीख, स्ट्रिपची डबी उघडल्याची तारीख आणि कोणत्या आकड्याला डॉक्टरांना फोन करायचा तो आकडा.

वर्षातून एकदा यंत्राची परीक्षा घ्या. उपाशीपोटी प्रयोगशाळेत शुगरसाठी रक्त द्याल, त्याच वेळी बोट टोचून स्वतःच्या ग्लुकोमीटरवर मोजा. शुगर १०० च्या वर असेल तर १५ टक्क्यांपर्यंत आणि १०० च्या खाली असेल तर १५ आकड्यांपर्यंत फरक चालतो. चांगल्या ग्लुकोमीटरसाठी ठरलेला आंतरराष्ट्रीय निकषही तेवढाच आहे. बीपीचे मशीन प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून पाहा. पट्टा आपल्या दंडाच्या मापाचा आहे का, तेही तिथेच विचारा; जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटेच जास्त येते.

विचित्र कोड आला की मशीन बंद करण्याआधी पडद्याचा फोटो काढा. रुग्णालयात येताना तो फोटो, मशीन आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर आणा. ‘काहीतरी एरर येत होता’ यापेक्षा ‘सकाळी सात वाजता दोनदा हाय, नंतर ई-३, आणि रात्री ही गोळी घेतली होती’ हे आमच्यासाठी फार उपयोगाचे असते.

आणि एकच प्रश्न सवयीचा करून घ्या. पडद्यावर अक्षर दिसले की आधी मशीन हातात घेऊन उलटेसुलटे करू नका. रुग्णाकडे पाहा आणि विचारा, ‘‘तुम्हाला कसं वाटतंय?’’ उत्तर नीट आले नाही, तर सेल शोधण्यात वेळ घालवू नका.